शिडीवरची दस्ती

अण्णा, आज राखेचा सायलो पुन्हा तुंबला. खालचं गेट उघडं, विटांचं यंत्र रिकामंच फिरतंय आणि वर कोठीच्या पोलादी पोटात राख कमान धरून बसलेली. दमट हवेत ती अशी बसते, हे मला कारखान्यात येण्याआधीच ठाऊक होतं. जेवताना तुम्ही ताटाच्या कडेवर बोट वाजवून सांगायचात, "कोठीचा पत्रा बद्द वाजला की समजायचं, बाईसाहेब रुसल्यात." आई वैतागायची, "जेवताना तरी ती राख नगं!" आणि तुमच्या भुवयांवर ती तेव्हाही असायची.

तेव्हा हवेचा मारा नव्हता, माणूसच उतरायचा. कमरेला दोर, हातात पहार. वर चढण्याआधी गळ्यातली दस्ती सोडून शिडीच्या पहिल्या पायरीला बांधायची, ही तुम्हा लोकांची रीत. दस्ती दिसली की माणूस आत आहे, गेटला हात लावायचा नाही. त्या दुपारी गेवराईकडचा एक ट्रकवाला पहिल्यांदाच आला होता. उन्हानं पोळला होता बिचारा. त्याला वाटलं, कुणीतरी वाळत घातलीय. त्यानं तुमची लाल दस्ती सोडली, माठाच्या पाण्यात भिजवली आणि डोक्याला गुंडाळून सावलीला जाऊन बसला. गेटवाल्यानं शिडीकडे पाहिलं, ती मोकळी होती. त्यानं रीतीप्रमाणे गेट उघडलं. तुमच्या पायाखालची राख धावली आणि तुम्हाला दोरासकट घेऊन गेली. मी कुणावर रागवायचं, सांगा! इतकी वर्षं शोधतेय, राग धरायला माणूसच सापडत नाही.

आता सायलोच्या उतरत्या भागाला बाहेरून टाक्या बसवल्यात. कॉम्प्रेसर त्यात हवा दाबून भरतो, मी बटण दाबते, सगळी हवा एकदम आत सुटते आणि राख कोसळते. धडाका असा होतो की लिंबावरचे कावळे उठतात. तुमच्या जागी मी लागले तेव्हा आई माझ्याशी बोलेना. मग एकदा म्हणाली, "आत कुणाला उतरू देऊ नको, बस."

आज पहिल्या धडाक्याला राख हलली नाही. नवा सुपरवायझर घाईला आला. "ताई, हवेनं न्हाई व्हायचं हे. एकाला पहार घेऊन उतरवू का? लई वेळ न्हाई लागायचा."

"मी हाय तवर आत माणूस जायचा न्हाई," मी म्हणाले. आवाज इतका चढला की तो मागे सरकला.

टाक्या पुन्हा भरायला लावल्या. सगळी माणसं लिंबाखाली उभी केली, एकेकाचं तोंड पाहिलं. मग शिडीकडे पाहिलं. दर वेळी पाहते. पहिली पायरी मोकळी होती, आणि अण्णा, मोकळ्या पायरीचीच मला भीती वाटते. बोट बटणावर ठेवून मी उभी राहिले.

"ताई, कावून थांबलाव?" सुपरवायझरनं विचारलं.

"हवा भरतीय," मी म्हणाले.

दुसऱ्या धडाक्याला राख आली, भळाभळा आली, माणसं हसली. हे लिहून मी डब्याच्या पिशवीत ठेवणार आहे, तुमच्या दस्तीखाली. ट्रकवाल्यानं ती धुऊन आणून दिली होती. पाठवायचं तरी कुठं? पण सुपरवायझरशी खोटं बोलले, ते तुम्हाला सांगते. टाक्या केव्हाच भरल्या होत्या. तुम्ही शिडीवरून खाली उतरण्याची मी वाट पाहत होते. तुम्ही उतरला नाहीत, आणि मी बटण दाबलं.