माले भायेर जानं शे

बाई, परवा शाळेत जाऊन आले. शाळेला साठ वर्षं झाली म्हणून जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. मोबाईलवर गटात निरोप आला, मग मुख्याध्यापकांचा फोन आला की ताई, तुम्ही धुळ्याच्या कोर्टात इतकी वर्षं नोकरी केलीत, चार शब्द बोला. मी आधी नाही म्हणणार होते. मग सकाळची धुळे-चोपडा गाडी धरली, अमळनेरला चहा घेतला आणि अकराच्या सुमाराला फाट्यावर उतरले. फाट्यापासून शाळेपर्यंत आता सिमेंटचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना केळी तशीच, मागे सातपुडाही तसाच. फक्त अंतर कमी वाटलं. तुम्ही रोज हेच अंतर छत्री उघडून, मान खाली घालून चालायचात आणि आम्ही मुली वीस पावलं मागे राहून तुमच्या चालण्याची नक्कल करायचो. हे तुम्हाला माहीत नसेल असं तेव्हा वाटायचं.

शाळा दुमजली झाली आहे. आपल्या तीन कौलारू खोल्या पाडलेल्या नाहीत. दोन खोल्यांत मोडके बाक आहेत आणि तिसरीत, म्हणजे सहावीच्या वर्गात, पोषण आहाराचं स्वयंपाकघर आहे. मी मांडवाकडे न जाता आधी तिकडेच गेले, कारण तिथून वरणाला फोडणी दिल्याचा वास येत होता आणि आतून एक ओळखीचा आवाज कुणाला तरी ओरडत होता. दारात उभी राहिले. ती वळली. हातात पिठाचा गोळा, कपाळावर घाम, केस पूर्ण पांढरे. मला पाहून म्हणाली, "काय वं, मोठी साहेब व्हई गयी तू. आते दारमाच उभी ऱ्हाशी का?"

तुमच्या लक्षात आली असेल. खिडकीजवळच्या बाकावर माझ्या शेजारी बसायची ती. जिच्या घरी तुम्ही मला घेऊन गेला होतात.

तो दिवस तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण मी कुणालाच कधी सांगितलेला नाही, म्हणून एकदा नीट सांगते. तुम्ही कृष्णाकाठच्या. आमच्या गावात येऊन तुम्हाला तीनच महिने झाले होते. आमचं बोलणं तुम्हाला कळायचं थोडंफार, पण कानाला सहन व्हायचं नाही. तुम्ही नियम केला की वर्गात पुस्तकातल्यासारखं बोलायचं, नाहीतर बोलायचं नाही. मला ते लवकर जमलं. माझे मामा जळगावला असायचे, सुट्टीत जाऊन मी ती भाषा उचलली होती. तुम्ही मला मॉनिटर केलंत. मला फार बरं वाटलं. वर्गात चाळीस मुलं आणि नीट बोलणारी मी एकटी.

त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतरचा तास. ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माले भायेर जानं शे." तुम्ही फळ्यावर लिहीत होतात. न वळता म्हणालात, "नीट बोल. मग जा." तिनं परत तेच म्हटलं, जरा हळू. तुम्ही वळलात. "पुस्तकात असं लिहिलंय का? विचार कर आणि बोल." तिसऱ्यांदा तिनं तेच म्हटलं, कारण तिला दुसरं येतच नव्हतं. आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगायचं, एवढंच तिला हवं होतं. "मला बाहेर जायचं आहे." चार शब्द. ओठ हलवले असते तरी पुरलं असतं. मी पुस्तकात पाहत राहिले. तुम्ही वर्गात सांगासांगी चालणार नाही असं बजावलं होतं, हे खरं. पण मी गप्प राहिले ते त्यासाठी नाही. जे मला येतं ते तिला येत नाही, हे तुम्हाला दिसावं असं मला वाटत होतं. मग मागच्या बाकावरचं कुणीतरी हसलं आणि मी खाली पाहिलं तर फरशीवर पाणी माझ्या पायापर्यंत आलं होतं. ती दप्तर तिथेच टाकून पळाली.

तुम्ही सगळ्यांना मैदानात पाठवलंत आणि मला थांबवलंत. मला वाटलं, शिपाई आबांना बोलवायला सांगाल. तुम्ही स्वतः हातपंपावर गेलात, बादली आणलीत, पदर खोचलात आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसलीत. एकदा नाही, तीनदा. मी कोपऱ्यात तिचं दप्तर धरून उभी. तुमचा चेहरा मला दिसत नव्हता. उठलात तेव्हा म्हणालात, "यातलं बाहेर काही बोलायचं नाही. कळलं?" मी मान हलवली. मी आज्ञाधारक मुलगी होते, बाई. बोलले नाही.

ती शाळेत येईनाशी झाली. तीन-चार दिवसांनी संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. माझी आई चुलीवर भरताची वांगी भाजतेय, धुरानं तिचे डोळे लाल झालेत, आणि तुम्ही पाट नको म्हणून जमिनीवरच बसता. आई घाबरली आहे, पोरीनं काय केलं म्हणून. तुम्ही म्हणता, "तिनं काही नाही केलं. मला एक सांगा, तुमच्याकडे माफी कशी मागतात?" आईला प्रश्नच कळत नाही. वांगं फिरवत ती थोडा वेळ विचार करते आणि म्हणते, "आमनामा माफी मांगतस नही, बाई. चुकनं ते चुकनं, अशे सांगतस." तुम्ही पिशवीतून वही काढता. आई म्हणते, लिहू नका, बोला. "मनं चुकनं. पोरले शाळामा धाडा." माझं चुकलं, मुलीला शाळेत पाठवा. तुम्ही म्हणता, "माझं चुकनं." आई म्हणते, "माझं नही, मनं." तुम्ही परत चुकता. आणि माझी आई, जिला सही करता येत नव्हती, तुम्हाला म्हणते, "ध्यान कोठे शे तुमनं?" मी दारामागे उभी राहून शरमेनं अर्धी झाले होते. आई असं बोलली म्हणून नाही. तुम्ही आमची भाषा बोलत होतात, म्हणून. मी ज्या बोलण्यातून सुटले होते त्यात तुम्ही कशाला शिरताय, असं मला झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन तुम्ही तिच्या दारात उभ्या राहिलात. तिचे वडील बाजेवर बसले होते, उठले नाहीत. ती आत आईच्या मागे. गल्लीतली दहा-बारा माणसं जमली. तुम्ही म्हणालात, "मनं चुकनं." स्पष्ट म्हणालात, आईनं शिकवलं तसं. आणि पुढचं विसरलात. सगळे वाट पाहत होते. तुमचा हात माझ्या खांद्यावर होता, तो घट्ट झाला. मी हळूच म्हटलं, "पोरले शाळामा धाडा." तुम्ही ते म्हणालात. तिच्या आजीनं तोंडाला पदर लावला, मग तिचे वडील उठले आणि तुम्हाला बसायला बाज दिली. तुम्हाला मी सांगितलं, बाई. तिला नव्हतं सांगितलं. घरी परत येताना माझ्या डोक्यात एवढंच होतं.

आठवड्यानं ती आली आणि दहावीपर्यंत शिकली. तुमचा नियम गेला. आम्ही हवं तसं बोलायचो आणि तुम्ही फळ्यावर दोन्ही लिहायचात, आमचं एका बाजूला, पुस्तकातलं दुसऱ्या बाजूला. पुढे माझं पोट त्याच फळ्यावर चाललं. कोर्टात साक्षीदार म्हणायचा, "माले ठाऊक नही," आणि मी लिहायचे, साक्षीदारास माहीत नाही. कधी एखादी म्हातारी भांबावली की न्यायाधीश साहेब माझ्याकडे बघायचे. मी लगेच सांगायचे. एकदाही उशीर केला नाही. नोकरीतली मी सांगण्यासारखी गोष्ट एवढीच.

परवा स्वयंपाकघरात ती वरणाबरोबरच्या कणकेच्या बट्ट्या वळत होती. तिचं लग्न गावातच झालं, नवरा केळीच्या कापणीवर असायचा, आता घरीच असतो. वीस वर्षं ती शाळेचा स्वयंपाक करते. मी पाटावर बसले आणि तिच्याबरोबर दोन-चार बट्ट्या वळल्या. वाकड्या झाल्या. तिनं माझ्यादेखत मोडून परत वळल्या. मग मी म्हटलं, "सहावीतलं एक सांगायचंय. तो दिवस. तू उभी राहिलीस तेव्हा मला ते वाक्य येत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

ती थांबली. "कोणता दिस?" मग तिला आठवलं. "हां. ते." पिठाचा हात तिनं परातीच्या काठाला पुसला. "बाई आमना दारशी उनी ते ध्यानमा शे. तू व्हती का तठे?"

"होते, बाईंच्या बाजूला. वर्गातही तुझ्या शेजारीच बसायचे."

"माले नही ध्यानमा," ती म्हणाली आणि पुढची बट्टी वळायला घेतली.

बाई, अठ्ठेचाळीस वर्षं मी हे बाळगलं होतं आणि त्या गोष्टीत मी तिला आठवतसुद्धा नव्हते. हसू की रडू कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तू पळून गेल्यावर बाईंनी स्वतः फरशी पुसली. तीनदा."

तिचा हात थांबला. "बाईनी?"

"हो. बादली आणून. मी पाहिलंय."

"आबानी नही?"

"आबांना बोलावलंच नव्हतं."

तिनं हातातली बट्टी परातीत ठेवली. शिपाई आबा तिच्याच गल्लीत राहायचे, तिच्या वडिलांचे चुलतभाऊ. मग तिनं सांगितलं ते असं. तिला वाटत आलं की ते आबांनी साफ केलं. म्हणून तिनं पुढे कधी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. ते समोरून आले की ती दुसऱ्या बोळात वळायची. तिच्या लग्नात त्यांनी पंगतीला वाढलं, तेव्हाही ती त्यांच्याशी बोलली नाही. ते म्हणायचे, पोर काबर रुसेल शे मनावर? माझ्यावर का रुसली म्हणून विचारायचे. ते गेले तेव्हा ती पाया पडायला गेली, पण लांबूनच. "इतला वरीसमा माले कोणी सांगं नही," ती म्हणाली. माझ्यावर रागावून नाही म्हणाली. नुसतं म्हणाली. पण सांगणारी मी एकटीच होते. पाहिलंच मी एकटीनं होतं. तुम्ही गप्प राहा म्हणालात ते तिची लाज झाकावी म्हणून, एवढं मला पुढे कळायला हवं होतं. मी तिच्यासारख्यांचं बोलणं रोज साहेबांपुढे मांडत होते आणि तिलाच सांगायचं एक वाक्य पन्नास मैलांवर घेऊन बसले होते.

मांडवातून नाव पुकारलं. मी तिला विचारलं, "मी हे वर जाऊन सांगू का?" ती म्हणाली, "नको वं माय. पोरं हसतीन." मग म्हणाली, "बाईनं सांग. मनं नको." बाईंचं सांग, तिचं नको. मी व्यासपीठावर गेले आणि तुमच्याबद्दल जे कुणीही बोललं असतं ते बोलले. वेळेवर यायच्या, शुद्धलेखन तपासायच्या, सगळ्यांवर माया करायच्या. टाळ्या झाल्या. शाल मिळाली. मुख्याध्यापक म्हणाले, ताईंची मराठी बघा किती शुद्ध. मागे पातेल्यापाशी ती उभी होती. तीही टाळ्या वाजवत होती.

जेवणं झाल्यावर ती फाट्यापर्यंत सोडायला आली. डब्यात सहा बट्ट्या आणि वांग्याची भाजी बांधून दिली. गाडीला उशीर होता. आम्ही दगडावर बसलो. ती एकदम म्हणाली, "आबाले आते कसं सांगू?" मी डब्याची गाठ सोडून परत बांधली. मग तिनंच विषय बदलला. "बाईले पत्र लिख."

"अगं, बाई जाऊन वीस-बावीस वर्षं झाली."

"माले ठाऊक शे. तरी लिख. सांग तिले, मी आजून रोज शाळामा जास."

म्हणून हे लिहायला बसले, बाई. तिचा निरोप पोचवला. पाठवायचं कुठे हा प्रश्न नाही, कारण पाठवायचं नाहीच. तुमची बदली झाली, माझी दहावी झाली, मी धुळ्याला कॉलेजला गेले, इथवर तुम्हाला ठाऊक होतं. त्या पहिल्या वर्षी होस्टेलवर तुमचं एक कार्ड आलं होतं. सगळं अहिराणीत लिहिलेलं, माझ्या आईच्या बोलीत, एकही चूक नाही. कशी शेस, अभ्यास कसा चालना, माय कशी शे. कार्ड उघडंच, त्यामुळे माझ्या आधी खोलीतल्या मुलींनी वाचलं. मोठ्यानं वाचलं आणि हसल्या. एकीनं विचारलं, कोण गं ही? मी कार्ड तिच्या हातातून घेतलं आणि म्हटलं, गावाकडची एक बाई आहे, आमच्याकडे कापूस वेचायला येते.