‘बाजूला घ्या, उस्ता’च्या दुसऱ्या भागात मला मारल्याबद्दल

सातवी वस्ती, कैरो
शुक्रवार, नमाजानंतर

चि. रऊफ यास मामाचे आशीर्वाद. बर्लिनमध्ये थंडी फार पडते असं ऐकतो, तेव्हा कान झाकून फिरत जा आणि दोन वेळा पोटभर जेवत जा. फोटोत तुझी मान बारीक झाल्यासारखी दिसते, असं तुझ्या आईचं म्हणणं आहे. तुझी आई बरी आहे, तिचा गुडघा होता तसाच आहे. तुझी इन्शिराह मामीही बरी आहे. मीही अल्लाच्या कृपेने ठणठणीत होतो, पण तुझ्या कृपेने गेल्या आठवड्यात वारलो.

फोन न करता पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर मला नीट रागावता येत नाही, मध्येच तू हसतोस आणि मग मीही हसतो, आणि फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग येत बसतो. कागदावर तू मध्ये बोलू शकत नाहीस. (अक्षर मोठं आलंय ते रागामुळे. दुसरं काही कारण नाही.)

आधी पहिल्या भागाबद्दल बोलतो, म्हणजे दुसऱ्यात तू काय माती खाल्लीस ते तुला कळेल. ‘बाजूला घ्या, उस्ता’ हा खेळ तू माझ्या मायक्रोबसमध्ये बसून केलास, हे बर्लिनच्या साहेबांना तू सांगितलंयस की नाही मला ठाऊक नाही. अख्खा हिवाळा तू माझ्या शेजारच्या सीटवर होतास. माझ्या दाराचा खडखडाट तू टिपून घेतलास, माझा हॉर्न टिपून घेतलास, आमच्या स्टँडवरच्या फंगरीला मी दिलेल्या शिव्या टिपून घेतल्यास (त्या नंतर गाळल्यास, ते बरोबर केलंस). आणि त्यातून काय खेळ झाला होता, रऊफ. रमसिस स्टेशनवरून गाडी काढायची आणि सातव्या वस्तीला आणायची, बस, एवढंच. कोणी मरत नाही, कोणी कुणाला वाचवत नाही. रस्त्याच्या कडेला लोक उभे असतात आणि बोटांनी सांगतात कुठे जायचंय ते. सातवीला जायचं तर दोन बोटं वर फाकवलेली, आपल्या अरबी सातच्या आकड्यासारखी. आठवीला जायचं तर तीच बोटं उलटी, जमिनीकडे. गाडी चालवणाऱ्या उस्ताने लांबूनच ओळखायचं, आपलं गिऱ्हाईक असेल तर थांबायचं, नसेल तर पुढे. चुकीचा माणूस घेतला की तो अर्ध्या वाटेत उठून भांडतो, मग त्याच्या बाजूने एक बाई भांडते, मग मागच्या सीटवरचा म्हातारा राजकारणावर येतो, आणि खेळ संपतो. आमच्या स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर दिवसभर गाडी चालवून संध्याकाळी बयूमीच्या गेमच्या दुकानात जाऊन पुन्हा गाडी चालवायचे आणि त्याबद्दल पदरचे पैसे द्यायचे. याहून मोठं कौतुक तुझं कोण करणार होतं?

तेव्हा दुसरा भाग येणार म्हटल्यावर आम्ही काय केलं असेल ते ओळख. बयूमीने दुकानाला दिव्यांची माळ लावली. (रमजानची उरलेली होती, पण लावली.) तुझ्या आईने रव्याचा गोड बसबूसा करून पाठवला. मी दाढी केली. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, कारण खेळातला उस्ता झगलूल म्हणजे मीच, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बयूमीने खेळ सुरू केला. पडद्यावर माझी गाडी आली, आरशाला माझी निळी जपमाळ लटकत होती, गाडीतून मी उतरलो, मिशी माझी, पोट माझं, चालणंही माझं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या थांबायच्या आत कुठल्या तरी टोळीच्या लोकांनी मला गोळ्या घातल्या.

मग बयूमी उठला, चहावाल्याकडे गेला आणि माझ्यासाठी बिनसाखरेची काळी कॉफी घेऊन आला. फंगरीने डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या शेजारच्या माणसाचा हात धरून, मी तिथे बसलेलो असताना, त्याचं सांत्वन केलं. तेव्हापासून मी गल्लीत शिरलो की कोणी ना कोणी म्हणतो, अल्ला त्यांना जन्नत देवो, माणूस चांगला होता, गाडी मात्र वाईट चालवायचा. न्हाव्याने परवा मला विचारलं की मयताची दाढी कशी करू. रऊफ, तुला मी सायकल शिकवली, तुझ्या शाळेत तुझा बाप म्हणून मी उभा राहिलो, आणि तुला मला मारायचं होतं तर निदान मधल्या एखाद्या पातळीवर मारायचं होतंस. सुरुवातीलाच? म्हणजे बसबूसाही खाऊन झाला नव्हता.

आणि मयत तरी धड करायचं. तुझ्या मामीने तो भाग दोनदा पाहिला. पहिल्यांदा पाहून ती म्हणाली की चेहरा बरा आलाय. दुसऱ्यांदा तिला लोकांच्या हातातले पेले दिसले आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. लाल सरबत, रऊफ. माझ्या मयताला आलेल्या लोकांना तुझ्या खेळातली माझी बायको लाल सरबत वाटते आहे, लग्नात वाटतात तसं. तुझी मामी मला म्हणाली, “तुम्ही मेलात त्याचं मला काही नाही, पण लोक म्हणतील, इन्शिराहला सुटल्याचा आनंद झाला.” आता तिकडच्या चित्रं काढणाऱ्या पोरांना मयताला बिनसाखरेची कॉफी असते हे माहीत नसेल, कबूल. पण तू तिथे कशाला बसला आहेस? त्यांना पेन्सिली करून द्यायला?

पुढचं काय सांगू. माझ्यामागे गाडी चालवतो तो माझा मुलगा. (मला मुलगा नाही. तू होतास.) याचे दंड भोपळ्याएवढे, आणि हा गाडी चालवतो कमी, पुलांवरून उडवतो जास्त. गाडीला चामड्याच्या सीट आहेत. दार पहिल्या झटक्यात बंद होतं. प्रवासी बसल्याबरोबर पट्टे लावतात आणि रमसिसपासून सातवीपर्यंत एक अक्षर बोलत नाहीत, खिडकीवरून भांडत नाहीत, कोणी कुणाच्या पोराला मांडीवर घेत नाही. उतरताना “बाजूला घ्या, उस्ता” असं खेळभर एकही माणूस म्हणत नाही, आणि खेळाचं नाव तेच. बोटांचं तर विचारूच नकोस. आता प्रत्येकाच्या डोक्यावर एक हिरवा बाण तरंगतो आणि तोच सांगतो कुणाला घ्यायचं. कडेला उभी असलेली माणसं दोन बोटं वर करतात खरी, पण ती हसत हसत, फोटो काढून घेतल्यासारखी. सातव्या वस्तीला कुणाला जायचंच नाहीये.

एक गोष्ट सुधारली म्हणतात. पहिल्या भागात तुझ्या माणसांचे हात सुपाएवढे होते, सगळे हसायचे, मीही हसलो होतो, म्हटलं पोराला चित्र काढता येत नाही. आता हात माणसाच्या हाताएवढे झालेत. बयूमी म्हणतो, प्रगती आहे. असेल.

हे सगळंही मी गिळलं असतं. नवा खेळ वाईट निघाला, जुना खेळत बसलो असतो. पण जुना आता उघडतच नाही. बयूमीने खूप खटपट केली. दाबलं की पडद्यावर येतं, हा खेळ आता उपलब्ध नाही, नवा भाग घ्या. म्हणजे मारलंत ते मारलंत, वर मी जिवंत होतो तो पुरावाही उचलून नेलात. तुझ्या कंपनीच्या साहेबांना माझ्यातर्फे विचार, की बाबांनो, नवं घर बांधलं म्हणून जुन्यातल्या माणसांना कोणी रस्त्यावर काढतं का? मला उत्तर पाहिजे, आणि ते त्यांच्याकडून नको, तुझ्याकडून पाहिजे.

तुझ्या आईला फोन करत जा. थंडीत गाडी चालवू नकोस, तुला तसंही येत नाही.

तुझा मामा,
(कै.) झगलूल

ता. क. दुसऱ्या भागात मी फारसं लक्ष घातलेलं नाही. तरी सहाव्या पातळीला पूल तुटतो तिथे डावीकडे वळायचं की सरळ उडी मारायची, ते कळव. बयूमी विचारत होता. फंगरीला सांगू नकोस.

ता. क. फंगरीने तुला आधीच सांगितलं असेल तर पुढचं वाचू नकोस. माझी गाडी आता फंगरी चालवतो. रमजानच्या आधी मी एका बाईला तिच्या पोरांसकट सातवीला नेऊन सोडलं. ती बिचारी मघापासून आठवीची बोटं दाखवत होती. दुसऱ्या दिवशी एक माणूस नुसता डोकं खाजवत होता, त्याच्यासाठी करकचून ब्रेक मारला. डॉक्टर म्हणाला, साखरेने डोळ्यांचे पडदे खाल्ले. किल्ली तुझ्या मामीने तांदळाच्या डब्यात ठेवली होती, ती फंगरीला दिली. तुझ्या आईला मी सांगू दिलं नाही. तुला आठवतं, तू गाडीत विचारलं होतंस, मामा, एवढ्या लांबून तुम्हाला बोटं कशी दिसतात? मी तेव्हा ऐटीत म्हणालो होतो, “बोटं नंतर दिसतात रे, आधी माणूस दिसतो.” आता माणूस दिसतो, बोटं दिसत नाहीत. तुझ्या पहिल्या खेळात दिसायची. बयूमीच्या मोठ्या पडद्यासमोर पुढच्या खुर्चीवर बसलं की सगळी दिसायची, सात कुठलं, आठ कुठलं, आणि रोज संध्याकाळी मी एकही माणूस न चुकता गाडी रमसिसहून घरी आणायचो. तेवढा जुना खेळ परत सुरू करून दे, बाळा. हात होते तसेच ठेव, सुपाएवढे.

ता. क. ते जमलं, तर दुसऱ्या भागात मला मेलेलाच ठेवलास तरी माझी हरकत नाही. तुझ्या मामीसाठी फक्त सरबत काढ आणि कॉफी दे. बिनसाखरेची. तशीही मला साखर बंद आहे.