न पुसायची रांग

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय अठरा पूर्ण (मागच्याच महिन्यात). डोकं ठिकाणावर आहे, हृदयाची झडप तेवढी नाही. उद्या सकाळी ती बदलणार आहेत. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. उलट आईच दोनदा म्हणून गेली, "हे कसलं अभद्र लिहीत बसलीस!" डॉक्टर म्हणतात बहुतेक सगळे बरे होऊन घरी जातात. पण एका कागदावर माझी सही त्यांनीही घेतलीच ना. मग मीपण माझा कागद करून ठेवते.

नमुना शेजारच्या टायपिस्ट काकांनी दिला. त्यात "माझी स्थावर व जंगम मालमत्ता" असं आहे. स्थावर माझ्याकडे काही नाही. जंगम आहे ते असं.

कलम १. सायकल धाकट्या भावाला. चेन उतरली की लाथा घालायच्या नाहीत, खाली बसून बसवायची. हात काळे होतात, होऊ देत.

कलम २. मोबाइल आईला. आतले फोटो बघू नयेत. बघितलेच तर काही बोलू नये. बहुतेक ढगांचेच आहेत, पण तरी. बँकेत जे काही असेल ते बाबांना. त्यातून त्यांनी आधी स्वतःचे दात करून घ्यावेत. माझ्या नावाने कुठे दानबिन देऊ नये.

कलम ३. नववीच्या बाईंना काही नाही. त्या मला रोज उभं करून धडा वाचायला लावायच्या. मला दम लागायचा, आवाजच निघायचा नाही. मग त्या म्हणायच्या, "तोंडात गुळणी धरलीय का गं?" आणि वर्ग हसायचा. एक दिवस मी गेलेच नाही, मग कधीच गेले नाही. झडपेचं तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, बाईंनाही नव्हतं. तरी काही नाही.

कलम ४. उन्हाची टोपी, रबरी वायपर आणि गच्चीवरचे बूट आत्याला.

आत्या म्हणजे बाबांची बहीण. सौरऊर्जेवर संशोधन करते. आजोबांनी बस डेपोत गाड्या धुऊन तिला इंजिनिअर केलं. आधी ती एका कारखान्यात उन्हावरचे बंब तपासायची, मग डॉक्टरेट केली, मग आताच्या संस्थेत लागली. तिथे बाकी सगळे पॅनेलमधून जास्त वीज कशी काढायची याच्या मागे. ही एकटी धुळीच्या मागे. लोक तिच्या तोंडावर म्हणतात, "बापाने जन्मभर धूळ काढली, लेक जमवत बसलीय." ती हसते. म्हणते, "पॅनेल कितीही हुशार असू दे, तोंडावर धूळ बसली की आंधळं. आणि जिथे ऊन रग्गड तिथेच पाण्याची बोंब. मग धुवायचं कधी आणि किती, हे कुणीतरी सांगायला नको?"

त्यासाठी संस्थेच्या गच्चीवर दोन रांगा आहेत. एक रोज पुसायची. दुसरी कधीच नाही. वारा, पक्षी, पाऊस जे करतील ते करू द्यायचं. दोन्हींच्या विजेत जो फरक पडतो तोच आत्याचा अभ्यास. मी घराबाहेर पडायचं बंद केलं होतं तेव्हा तिने मला पहिल्या रांगेचं काम दिलं.

मी विचारलं, "बोलावं लागेल का?"

"कुणाशी, पॅनेलांशी?" ती म्हणाली. "नाही लागणार."

एवढ्या वर्षांत मला कुणी इतकं सोपं उत्तर दिलं नव्हतं.

कलम ५. हे कलम आत्याने एकटीने वाचावं, आणि आजोबा घरात नसताना वाचावं.

आत्या, दुसरी रांग मी पुसली नव्हती.

तू त्या दिवशी परगावी होतीस. सगळ्यांच्या घरच्यांना गच्ची दाखवायची असा हुकूम संचालकांनी काढला होता, म्हणून मी आजोबांना वर नेलं. तिथे बसवून खाली पाणी आणायला गेले. वर येऊन बघते तर आजोबा बाह्या दुमडून दुसऱ्या रांगेच्या शेवटच्या पॅनेलवर. दोन वर्षांची धूळ, सगळी साफ. मला बघून म्हणाले, "अगं वेडे, अर्धं काम तसंच टाकलंस! साहेब वर यायचाय. ओरडा खाल्ला असतास ना? बरं झालं मी होतो."

इतके खूश होते. घाम पुसत होते. मी म्हटलं, "थँक्यू आजोबा."

तू आल्यावर विचारलंस तेव्हा मी म्हटलं, मी पुसली, चुकून. ज्याने गाड्या धुऊन तुला शिकवलं त्यानेच तुझं काम पाण्यात घालवलं, हे तुला कुठल्या तोंडाने सांगणार? आणि त्यांना कळलं तर ते जेवायचे नाहीत. मला वाटलं, माझं काय जातंय? शाळा सोडलेल्या मुलीकडून चूक झाली तर कुणाला नवल वाटतं?

पण गेलं ते तुझं गेलं. संचालक सगळ्यांसमोर म्हणाले, "घरचं माणूस चिकटवलं की असंच व्हायचं." तू म्हणालीस, "चूक माझी आहे. मीच तिला नीट सांगितलं नव्हतं." तू तर रोज सांगायचीस. मी दारात बादली घेऊन उभी होते आणि तोंडात गुळणी. घरी येऊन तू आजोबांना एवढंच म्हणालीस, "ऑफिसातली कटकट आहे, बाबा."

शुक्रवारी समिती बसणार आहे. गच्ची तुझ्याकडे ठेवायची की काढून घ्यायची ते ठरवायला. न शिकलेलं घरचं पोर ठेवलं, हाच तुझ्यावर आरोप. संचालकांच्याच हुकमाने वर आलेल्या पाहुण्याने पुसलं असं कळलं तर आरोपच उरत नाही. एवढं मला कळतं. कळूनही मी गप्प आहे.

अजून एक लिहायचं आहे, ते सगळ्यात वाईट. मी मेले तर तू हे वाचशील आणि तुझी गच्ची वाचेल. जगले तर मी हा कागद फाडणार. माझी मला खात्री आहे, समोर उभं राहून सांगायची माझी हिंमत होणार नाही. म्हणजे मी जगण्यात तुझं नुकसान आहे. आणि तरी मला जगायचं आहे, खूप. याची इतकी लाज वाटते की हे अक्षरही बारीक येतंय.

कलम ६. माझ्यामागे "किती गुणी पोर होती" असं कुणी म्हणू नये.

ज्याला काही मिळणार त्याची साक्ष चालत नाही असं काका म्हणाले. म्हणून आजोबांना मी काही ठेवलेलं नाही, ते साक्षीदार आहेत. आजोबा, रागावू नका. वाचायची गरज नाही. मी सही करताना बघायचं आणि खाली आपली करायची.

ठिकाण: रुग्णालय, दुसरा मजला, खिडकीकडची खाट.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला, टायपिस्ट: (सही) माझ्यादेखत सही केली. मजकूर वाचला नाही, शुद्धलेखन तपासायचा मोह आवरला.

साक्षीदार दुसरा, आजोबा:

पोरी, तू औषधाने झोपलीस. सगळ्यांना काही ना काही आणि मलाच काही नाही, असं कसं, म्हणून चष्मा लावून बघितलं. बघितलं ते बरं केलं.

मला वाटायचं घाण ती घाणच. जमवायची पण असते हे मला कुणी बोललंच नाही. पुसली मी, आणि लाजून मरतेस तू? ही कुठली रीत? मी आत्ता संस्थेत चाललोय. आधी माझ्या लेकीला सांगतो, मग त्या साहेबाला. शुक्रवारी पण जाऊन बसेन, बाहेर काढलं तर जिन्यात बसेन. जेवणाचं म्हणशील तर डबा नेतोय.

सही मी करत नाही. साक्षीदारांच्या दोन सह्या नसल्या तर हा कागद चालत नाही, टायपिस्टाला विचारून घेतलं. तेव्हा उद्या गुमान बरी हो आणि नवीन लिही. साक्षीदार दुसरा कुणीतरी बघ. मला वाटा पाहिजे.