चौथा थर

गड्या, तुला जाऊन नऊ वर्षं झाली. आपली ओळख अवघी अडीच महिन्यांची, पण त्या अडीच महिन्यांतून मी अजून बाहेर आलेलो नाही. सांगायचं ते आधीच सांगून टाकतो: तू पोत्यांच्या ज्या थप्पीखाली गेलास, तिचा चौथा थर मी चुकवला होता. तुझ्या मायला हे माहीत नाही. तिला सांगावं की नाही, हे विचारायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही.

तू कंधारहून लातूरला आमच्या दाळमिलमध्ये हमालीला आलास तो येळवशीच्या अमावास्येच्या आदल्या आठवड्यात. मी मुकादम, कपाळाला कायमची आठी. पहिल्याच दिवशी तू म्हणालास, "मुकादम, हितं हसायला बंदी हाय का?" येळवशीला अख्खं गाव शेतात जेवतं, मीही तुला आमच्या शेतात नेलं. कडब्याच्या कोपीत बसून तू भज्जी-भाकरी हाणलीस, आंबिलाचे चार तांबे रिचवलेस आणि माझ्या बापाला विचारलंस, "काका, मला दत्तक घेता का?" ज्यानं मला कधी शाबास म्हटलं नाही, तो बाप पोट धरून हसला. तेव्हापासून आपण एका डब्यात जेवायला लागलो. बौद्धवाड्यातल्या पोराबरोबर आमच्यातला कसा जेवतो म्हणून गावातल्या दोघा-तिघांनी नाकं मुरडली. तुला कळलं तेव्हा म्हणालास, "नाक तेंचं हाय, मुरडू दे." तेवढं मोकळं मी आयुष्यात कधी हसलो नव्हतो.

तुला माहीत आहे, तरी लिहितो. पोती तीन थर उभी लावायची, चौथा आडवा टाकायचा. आडवी पोती खालच्यांना धरून ठेवतात. प्लास्टिकच्या पोत्यांना तर ते हवंच, ती एकमेकांवरून सटकतात. ती थप्पी रचली त्या सकाळी मी वर होतो, तू पाठीवरून पोती आणून देत होतास आणि शेठच्या चालण्याची नक्कल करत होतास. मी इतका हसलो की थरांची मोजदाद चुकली. चौथा उभाच लागलाय, हे सातव्या थराला ध्यानात आलं. उतरवायचं तर अख्खी दुपार गेली असती, आणि चुकलं असं मुकादमानं हमालांसमोर म्हणायचं कसं? मी वर लावत गेलो.

चार दिवस ती थप्पी उभी होती. मिलमध्ये आलो की आधी तिच्याकडे बघायचो. दुसऱ्या दिवशी भिंतीकडची फट बोटभर होती, तिसऱ्या दिवशी हात जाईल एवढी. खालच्या एका पोत्यातून तुरीची बारीक धार लागली होती, ती मी चिंधीनं बुजवली. चौथ्या दिवशी जेवण झाल्यावर तू तिच्या गारव्याला आडवा झालास. डोळे मिटूनच म्हणालास, "ऐक की, थप्पी करकर करायली." मी म्हणालो, "काई न्हाई, पोती बसायलीत. झोप तू." झोप तू, असं म्हणालो मी, गड्या. आणि दाराशी जाऊन उभा राहिलो.

तुझ्या जलदानविधीला कंधारला आलो तेव्हा तुझी माय माझा हात सोडेना. "बाबा, माझा लेक फोनवर सांगायचा. म्हणायचा, मुकादमाची थप्पी म्हंजी भिंत हाय माय, मी तिच्याखाली बिनघोर झोपतो." तेव्हापासून दरवर्षी एसटीनं जातो. ती भाकरी थापते, मी खातो, आज सांगायचंच असं ठरवतो आणि परत येतो. यंदा ती फार थकलेली दिसली. म्हणाली, "तू येतुस म्हणून लेकरू हाय वाटतंय." मी तिच्याकडून आणखी एक भाकरी मागून घेतली.

तेव्हा हे पत्र तिच्या हाती पडणार नाही, आणि तुला तर ते पोचायचंच नाही. म्हणून एवढं एक लिहून टाकतो. थप्पी कोसळल्यावर मुकादम वेड्यासारखी पोती उपसत होता, असं सगळे सांगतात. मी उपसत होतोच. पण थप्पीचा एक कोपरा तसाच उभा राहिला होता आणि त्यात आडवा थर नाही, हे कुणालाही दिसलं असतं. पहिला हात मी त्या कोपऱ्याला घातला. तुझ्याकडे वळलो ते तो पाडून झाल्यावर.