गॉगलच्या मागावर

४ मार्च
गॉगल सुटला! माझ्या नणंदेच्या, धाकटीच्या नवऱ्याला ज्याने भर बाजारात मारून टाकलं, तोच. साक्षीदारांनी कोर्टात ऐनवेळी शब्द फिरवले.
धाकटी रडली नाही. घरी येऊन भांडी घासत बसली. ह्यांनी तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं, उरलेली स्वतः घासली.

९ मार्च
ह्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आज दुपारीच बंद. विचारलं तर म्हणे गिऱ्हाईक नव्हतं. खोटं बोलता येत नाही ह्यांना — कान लाल होतात.

१० मार्च
ह्यांच्या पिशवीत डब्याखाली लोखंडी गज!
समोर धरला तेव्हा कबूल झाले. रोज गॉगलच्या मागावर असतात. चहा कुठे पितो, घरी कुठल्या गल्लीतून जातो — घडाघडा सांगितलं. आणि माणूस कोण, तर झुरळ मारायला मला हाका मारणारा. आधी हसू आलं, मग दार लावून घेतलं.
"तिच्या बाजूने कोण उभं राहणार? भाऊ ना मी तिचा?"
"आणि माझ्या बाजूने?"
मग उठले आणि गज भंगारवाल्याला देऊन आले. येताना माझ्यासाठी केसांच्या पिना आणल्या. का, ते त्यांनाच ठाऊक. वेडे आहेत.
धाकटी शेजारीच भाजी निवडत होती.

१४ मार्च
दुकान दिवसभर उघडं. बरं वाटलं.

१६ मार्च
हे तापाने फणफणलेत. संध्याकाळभर मी त्यांच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसले. माझा हात काही सोडेनात, लहान मुलासारखे. धाकटी औषध आणायला गेली ती कितीतरी उशिरा आली. तीही रिकाम्या हाती. दुकान बंद होतं म्हणाली.

१७ मार्च
काल संध्याकाळी गॉगलला कुणीतरी तो घरी जातो त्याच गल्लीत मारून टाकलं. डोक्यात दगड.
सकाळी पोलीस दारात. ह्यांनी एकदा धाकटीकडे पाहिलं. मग अंथरुणातून उठले, भिंत धरून उभे राहिले — "मी मारलं."
अंगात ताप तसाच. जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. बोलू नकोस म्हणून.

१८ मार्च
धाकटी चपला घालून दारात उभी होती.
"वहिनी, मी जाते. दादाला घरी पाठवतील."
तिला जवळ घेतलं. जाऊ नकोस म्हणवेना. जा, असंही म्हणवेना.
शेवटी मीही चपला घातल्या.