निळ्या पोर्टातला शाडू

पेण, २ ऑगस्ट २०२५

चि. नूतनला हौसाकाकूचा आशीर्वाद.

नाय गो, कंपूटर बंद नाय पडला. चालू हाय, पण गोगलगाय बरी. तू सांगितलंस तशी ती काळी डबी पुढच्या भोकात लावली आन तुझ्या काकांचे मूर्तीच्या डोळ्यांच्या आखणीचे व्हिडिओ तिच्यात टाकायला घेतले. आधी म्हणाला तीन तास, मग सोळा, मग परत नऊ. घडीघडीला शब्द फिरवणारा असा माणूस मी एकच बघितलाय, तुझा सासरा!

फोनवर तू भरभर सांगतेस आन मी नुसती व्हय व्हय करते. म्हणून दिनेशच्या टेम्पोतून शाडूच्या पोत्यांबरोबर ही चिठ्ठी धाडतेय. तूपण लिहूनच सांग. पण मी म्हणते, ह्यांना जाऊन वर्ष झालं, आता त्या व्हिडिओवाचून अडलंय काय तुझं? डोळे दोनच असतात, काढ आन हो मोकळी.

माया पातळ करू नकोस.
तुझी हौसाकाकू


रोहा, ४ ऑगस्ट

ती. काकूंस शि. सा. न. वि. वि.

सासऱ्यांना पत्र वाचून दाखवलं नाही, उपकार माना.

काकू, अडलंय ते सांगते. माझ्या कारखान्याचं हे पहिलं वर्ष. साठ मूर्ती रंगून उभ्या आहेत आणि एकीलाही नजर नाही. पेणच्या काकांची पुतणी म्हणून लोकांनी विश्वास टाकला. मी आखलेले डोळे झोपमोड झाल्यासारखे दिसतात. काका कुंचला कसा धरायचे ते बघितल्याशिवाय मला जमणार नाही, आणि चतुर्थी सत्तावीसला.

तुमचं पुढचं पोर्ट जुनं, म्हणून हळू. कंपूटरच्या पाठीला आत निळी पट्टी असलेलं पोर्ट असेल, हार्ड डिस्कची डबी त्यात लावा. मधे ती लांब वायर जोडू नका.

चिडवा, पण लोभ राहू दे.
तुमची नूतन


पेण, ७ ऑगस्ट

चि. नूतनला आशीर्वाद.

भिंत आन टेबल यांच्या मधे मी अडकले होते, दिनेशने ओढून काढली. पाठीमागं निळं काय दिसंना. मग आठवलं. मूर्ती घासताना धूळ आत जाते, म्हणून मागची रिकामी भोकं मीच शाडूने लिंपली होती, उंदराची बिळं लिंपतात तशी! कंपूटर बंद केला, कोरणीने शाडू काढला, कोरड्या ब्रशने झाडलं आन डबी लावली. अर्ध्या तासात सगळं पार!

मला काय कळलं नाय. आकार तोच, तार तीच, नुसत्या निळ्या रंगाने एवढं पळतं कसं?

डबी दिनेशकडे दिलीय. काल दिवसभर हातातच धरून बसले होते. का ते विचारू नको.

तुझी, धुळीने माखलेली
हौसाकाकू


रोहा, १० ऑगस्ट

ती. काकूंस शि. सा. न. वि. वि.

काकू, माझं डोकं चालेना. जुन्या व्हिडिओत काका दिसतात, पण लांबून. कुंचला दिसत नाही. जवळून काढलेत ते फक्त शेवटच्या दोन वर्षांचे, आणि तेवढेच थरथरतात. निळं पोर्ट झालं, वायर बदलली, सगळं लॅपटॉपमधे उतरवून घेतलं, तरी थरथर तशीच. त्यातून नवल म्हणजे अख्खं चित्र हलतं, पण मूर्तीवरची रेघ एकदम सरळ! पोर्टाचा दोष म्हणावा, तर जुने व्हिडिओ कसे नीट चालतात? तुमच्याकडेही असंच दिसतं का?

साठ जणांनी डोळे मिटलेत, मला झोप नाही.
तुमची नूतन


पेण, १२ ऑगस्ट

चि. नूतनला आशीर्वाद.

माझ्याकडेपण हलतंच. पोर्टाला शिव्या घालू नकोस, ते बिचारं निर्दोष हाय.

फोन ह्यांनी धरलाय गो. शेवटची दोन वर्षं ह्यांचा हात कापायचा, पाण्याचा पेला धरवत नव्हता. गिऱ्हाईक तुटेल, कुणाला सांगू नको, असं मला बजावलं. वर म्हणायचे, निदान ही आखणी फोनमधे तरी ठेवू दे. डबी धाडायला कां कू केली ती त्याचपायी. शब्द दिला होता ना मी.

तुझी साठ तोंडं तशीच ठेव. मी उद्या सकाळच्या एसटीने येते, माझ्यासाठी तांदळाची भाकरी टाक. तोवर त्या हलणाऱ्यातला कुठलापण एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघ. कुंचला धुताना मनगट दिसतं. त्यात हिरव्या बांगड्या हायत.

तेव्हा डोळे मी आखायची, तुझे काका नाय.

हौसा