पाहुणे शाळेत काऊन उतरले, याचा खुलासा

आरमोरी, शनिवार

सौ. इंदुताईंना,

धाकट्या भावजयीचा, म्हणजे माधवीचा, वाकून नमस्कार. वाकलेच आहे तर थोडा वेळ तशीच राहते, कारण सरळ उभं राहून तुमच्याशी बोलायची सध्या माझी हिंमत नाही. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे तुमचे भाऊ ठणठणीत आहेत. बुधवारपासून माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे घरात शांतताही आहे. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र लिहून राहिले.

तर झालं असं. तुमच्या घुग्घुसच्या शेजारचे सोमाजीभाऊ, त्यांच्या मीराबाई आणि मुलगा कुलदीप हे बुधवारी आपल्या दिव्यानीला पाहायला यायचे होते. स्थळ तुम्हीच सुचवलेलं. पण मला रजा मिळाली नाही. शाळा आमची दोन शिक्षकांची. लालसू सर मतदार यादीच्या कामाला गेलेले. उरले मी, प्रभारी मुख्याध्यापिका (प्रभारी म्हणजे काम पूर्ण आणि पद अर्धं), आणि पहिली ते चौथीची एकतीस पोरं. म्हणून मी तुमच्या भावाला म्हटलं, पाहुण्यांना शाळेतच आणा, खुर्च्याही तिथं जास्त आहेत. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की बाप्पा! पण आणलं.

आता आमच्या पोरांना एक सवय आहे (मीच लावली, दोष कोणाला देऊ?). फाटकाशी चारचाकी थांबली आणि इस्त्रीच्या कपड्यातला माणूस उतरला, की तो साहेब. सोमाजीभाऊंचा पाय जमिनीला लागला मात्र, एकतीसच्या एकतीस पोरं उठून उभी राहिली आणि स्वागतगीत सुरू! टाळ्यांसकट, तिन्ही कडवी. मीराबाई पदर सावरत तेवढा वेळ फाटकातच उभ्या. मग ऑफिसात बसल्यावर त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, “नाव काय बेटी तुझं?” तर खिडकीतून एकदम आवाज, “दिव्यानीताईऽऽ!” (ती सुटीच्या दिवशी येऊन त्यांना शिकवते ना, म्हणून सगळ्यांची ओळख.) शिकली किती, स्वयंपाक येते का, हेही पोरांनीच सांगून टाकलं. स्वयंपाकाबद्दल जरा जास्तच खरं सांगितलं.

कुलदीप बिचारा हात बांधून कोपऱ्यात. आणि मला रिकामा माणूस बघवत नाही, तुम्हाला माहीतच आहे. तोंडातून निघून गेलं, “इथी काय करून राहिला? जा, तिसरीला भागाकार दे.” होणाऱ्या जावयाला, इंदुताई! आणि तो गेला की हो. वीस मिनिटांनी डोकावले तर हा फळ्यापाशी खडू घेऊन, आणि आपली दिव्यानी त्याचा भागाकार दुरुस्त करून राहिलेली. दोघंही हसत होते. मला तेव्हा इतकंच वाटलं की भागाकार चुकलेला दिसतो.

तेवढ्यात खिचडी झाली. पोरांच्या ताटात पडण्याआधी मोठ्या माणसानं ती चाखायची आणि चव नोंदवहीत शेरा लिहून सही करायची, हा नियम आहे. आमच्या स्वयंपाकीण चंदाबाईला समोर मोठा माणूस दिसला, तिनं वाटी आणि वही दोन्ही सोमाजीभाऊंपुढे ठेवली. (पोहे, चिवडा, अनारसे, सगळं घरी झाकून पडलेलं!) तीस वर्षं खाणीत हजेरी लिहिलेला माणूस तो. चष्मा लावून, शांतपणे लिहून, सही करून त्यांनी वही बंद केली. शाळा सुटता सुटता ती माझ्यापुढे आली, मी शिक्का मारून सही ठोकली. पाहुणे मात्र ना होय म्हणाले, ना नाही, नुसता नमस्कार करून गेले.

तुमच्या भावानं सगळं कळवलंच होतं, गुरुवारी तुमचा फोन. “शाळा शाळा करत पोरीचं नशीब खिचडीत घातलंस!” इंदुताई, मलाही अगदी तसंच वाटत होतं. फार वाईट वाटलं. प्रभार सोडण्याचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला. पोरीकडे बघायची मला लाज वाटायला लागली.

शुक्रवारी विस्तार अधिकारी तपासणीला आले (पोरं उठली नाहीत, साहेब मोटरसायकलवर होते). त्यांनी चव नोंदवही उघडली, थांबले, आणि मोठ्यानं वाचलं. ‘मीठ कमी. मुलगी पसंत. सोमाजी.’ त्याखाली आपल्या दिव्यानीचं अक्षर, ‘मीठ बरोबर आहे. मुलगा पसंत.’ आणि त्याखाली, शिक्क्यासकट, मी! न वाचता! रोज बावीस वह्यांवर सह्या करते मी, त्यात लेकीचं लग्नही मंजूर करून बसले होते. साहेबांनी लाल शाईनं ‘पाहिले’ लिहिलं आणि म्हणाले, “मॅडम, पत्रिका पाठवा.” घरी येऊन दिव्यानीला विचारलं तर म्हणते, “तू सही केली ना आई, मले वाटलं तुले माहीत आहे! मग तू तोंड पाडून काऊन फिरून राहिली, तेच मले समजत नव्हतं.” मी तिला जवळ घेतलं आणि खूप रडले. इतका आनंद मला मुख्याध्यापिका झाले तेव्हाही झाला नव्हता.

तेव्हा आता राग सोडा, आणि शेजारी जाऊन सांगा की आमचा होकार आहे, बुधवारपासूनच आहे.

तुमची,
माधवी

ता.क. प्रभार सोडण्याचा अर्ज फाडून टाकला.

आणखी एक ता.क. (हे तुमच्या भावाला सांगू नका.) रजा मिळाली नाही हे खोटं आहे. सोमवारीच मंजूर झाली होती, लालसू सरही एक दिवस शाळा सांभाळायला तयार होते. पण आपल्या घरी त्याच दिवाणावर बसून चार स्थळं नाही म्हणून गेली, आणि चारही वेळा चहा देताना माझे हात थरथरत होते. शाळेत माझे हात थरथरत नाहीत. म्हणून नेलं त्यांना तिथं. साक्षगंधाच्या अंगठ्या मात्र घरीच घालायच्या आहेत. तुम्ही चार दिवस आधी या, आणि पूर्ण वेळ माझ्याजवळ बसा.